ओल्या मातीत मान टाकणारी पॅन्सी : काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेले पॅन्सी या हिवाळी फुलझाडाचे रोप महिनाभर उत्तम चालते, चार-सहा फुलेही देऊन जाते आणि डिसेंबरच्या मध्यावर एके दुपारी त्याची पाने मलूल होऊन कुंडीच्या काठावर लोंबलेली दिसतात. पाणी कमी पडले असावे असे समजून घरातले कोणीतरी तांब्याभर पाणी ओतते. दुसऱ्या सकाळी रोप जरासे सावरल्यासारखे वाटते, दुपारी पुन्हा मान टाकते, आणि पाच-सहा दिवसांत जमिनीलगतचे खोड इतके मऊ पडते की चिमटीत धरून उचलताच रोप मुळांशिवाय हातात येते. या सगळ्या काळात मातीला हात लावून पाहिले तर ती ओलीच असते.

याच दोषाची दुसरी, सावकाशीची चाल अशी असते की रोप मान टाकत नाही, पण वाढतही नाही. नवी पाने फिकट पिवळी निघतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फुले पहिल्या बहराच्या निम्म्या आकाराची येतात. काही कळ्या न उमलताच वाळतात. क्वचित शेंडा आखडतो आणि नवी पाने जाड, चुरगळलेली व ठिसूळ होतात.

साताऱ्यात माझ्या गच्चीवर, आमच्या सोसायटीच्या वाफ्यांत आणि सांगली-मिरजेच्या नातेवाइकांच्या अंगणांत मी हा दोष दर हिवाळ्यात दुरुस्त करत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे : आपल्या भागात पॅन्सी पाण्यावाचून फारशी मरत नाही, ती मुळांना हवा न मिळाल्याने मरते. मूळ गुदमरले की ते पाणी ओढू शकत नाही, पाने सुकलेली दिसतात आणि सुकलेली दिसतात म्हणून आपण आणखी पाणी घालतो. म्हणून मान टाकलेले रोप दिसताच झारी खाली ठेवावी आणि पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. पहिल्या चार-पाच तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही. नंतरच्यांना एखादे रोप, थोडा खर्च आणि श्रम लागतात. उलट क्रमाने जाणारी माणसे आधी औषधाच्या दुकानात जातात आणि तळाचे बुजलेले भोक शेवटी पाहतात.

घड्याळ आणि कॅलेंडर

रोप दुपारी तीन वाजता पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये. ते सकाळी सात वाजता, पाणी घालण्यापूर्वी पाहावे. डिसेंबरात साताऱ्यातली रात्र बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, पण दुपार अठ्ठावीस-तीसपर्यंत चढते आणि सिमेंटच्या गच्चीवर ती त्याहून कडक असते. अशा वेळी निरोगी मुळांनाही पानांची तहान भागवणे जमत नाही आणि रोप तात्पुरते मलूल होते. सकाळी ते पाणी न घालताही ताठ उभे असेल, तर मुळे जिवंत आहेत; कुंडी पूर्वेकडच्या अशा जागी हलवावी जिथे सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली येते, म्हणजे पुढे वाचण्याची गरजही उरत नाही. सकाळी सात वाजताही माती ओली आणि पाने लोंबलेली असतील, तर मात्र बिघाड मुळांत आहे.

कॅलेंडर पाहण्याचे कारण वेगळे आहे. पॅन्सी हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रानटी व्हायोलांच्या संकरातून घडवलेले फूल आहे आणि थंड हवा, थंड माती ही त्याची मूळ सवय सुटलेली नाही. दिवस सातत्याने तापू लागले की फांद्या लांबोडक्या होतात आणि फुले लहान होत जातात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे आपल्याकडे म्हणतात. सांगलीची पॅन्सीही साधारण त्याच सुमारास निघून जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस रोप थकले तर तो रोग नाही, हंगाम संपला आहे, आणि त्यावर खत-औषध घालणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात हाच हंगाम बराच लांबतो, त्यामुळे तिथल्या कुंड्या पाहून सांगलीच्या कुंडीबद्दल अपेक्षा बांधू नयेत. दुसऱ्या टोकालाही हेच लागू आहे : ऑक्टोबरच्या उन्हात घाईने लावलेली रोपे सुरुवातीलाच लांबतात आणि त्यांची मुळे कधीच जोमदार होत नाहीत.

खराट्याचा हीर

मातीचा वरचा थर पाहून ओलाव्याचा अंदाज बांधणे ही सर्वांत जास्त फसवणारी सवय आहे. काळ्या मातीचा वरचा अर्धा इंच दुपारपर्यंत करडा पडून भेगाळतो आणि त्याखाली चिखल असतो. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, वरचा थर तपकिरी, कोरडा दिसतो आणि तळाशी पाणी साचलेले असते. म्हणून खराट्याचा एक हीर घ्यावा, तो खोडापासून तीन बोटे अंतरावर कुंडीच्या तळापर्यंत खोचावा, दोन मिनिटे तसाच ठेवावा आणि मग सावकाश ओढून पूर्ण लांबीभर पाहावा. हीर कोरडा आला तर पाणी द्यावे. त्याला मातीचे दोन-चार कण चिकटले आणि स्पर्श गार लागला, तर तो वाफसा आहे. पॅन्सीला हवी ती हीच अवस्था, आणि शेतकरी पेरणीसाठी ज्याची वाट पाहतो तीही हीच. हीर पूर्ण लांबीभर चिखलाने माखलेला आला, तर पाणी थांबवावे.

माझ्या मिरजेच्या बहिणीने एका डिसेंबरात फोन करून सांगितले, “दादा, अरे रोज न चुकता पाणी घालते, तरी सुकतायत.” मी तिला हीर खोचायला सांगितला. पिठल्यातून उलथने काढावे तसा तो वर आला. तिने पाच दिवस पाण्याला हात लावला नाही, कुंड्या भिंतीपासून थोड्या पुढे वाऱ्यावर ठेवल्या आणि सातपैकी चार रोपांनी नवी पाने धरली. उरलेली तीन गेली, कारण त्यांचे खोड आधीच मऊ पडले होते. त्या अवस्थेतून परत आलेले रोप मी अजून पाहिलेले नाही.

याच तपासणीत एक उलटा प्रकारही सापडतो. रोपवाटिकेतून येणारे रोप ट्रेमधल्या कोकोपीटच्या छोट्या गड्ड्यात वाढलेले असते. तो गड्डा जसाच्या तसा काळ्या मातीत बसवला आणि एकदा पूर्ण वाळू दिला, तर आकसतो. मग बाहेरची माती ओली आणि मुळांभोवतीचा गड्डा ठणठणीत कोरडा अशी अवस्था होते. त्यासाठी हीर एकदा गड्ड्यातही, खोडाच्या अगदी जवळ, हलक्या हाताने खोचून पाहावा. तो कोरडा निघाल्यास कुंडी अर्धा तास पाण्याच्या टोपात बुडवून ठेवून नंतर पूर्ण निथळू द्यावी. वाफ्यात असेल तर गड्ड्यावर वाटी-वाटी पाणी थांबून थांबून तीन-चार वेळा सोडावे.

भोक, बशी आणि तळाचे खापर

कुंडी उचलून तळ पाहावा. प्लास्टिकच्या अनेक कुंड्यांना भोकाच्या जागी नुसती खूण असते आणि ती आपणच पाडून घ्यायची असते, हे दुकानदार सांगत नाही. मातीच्या कुंडीचे भोक मुळांनी किंवा चिखलाने बुजलेले असते. भोक मोकळे करून कुंडीत लिटरभर पाणी ओतावे आणि वाट पाहावी : मिनिट-दोन मिनिटांत खालून धार किंवा थेंब सुरू व्हायला हवेत. कुंडीखालची बशी फरशी स्वच्छ राहावी म्हणून ठेवलेली असते आणि तिच्यात उरलेले पाणी मूळ रात्रभर शोषत बसते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करावी, किंवा कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी.

आता एका जुन्या समजुतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती मीही अनेक वर्षे पाळली. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी यांचा दोन-तीन इंचांचा थर देण्याची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजून संपृक्त होईपर्यंत ते तिथेच लटकून राहते. म्हणजे ओल्या मातीचा जो थर पूर्वी तळाशी होता, तो खडीमुळे दोन-तीन इंच वर, नेमका मुळांपाशी सरकतो. स्वयंपाकघरातला स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरावा. पाणी ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा धरावा, त्यातून आणखी पाणी गळते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून पसरट, उथळ कुंडीपेक्षा आठ इंच खोलीची कुंडी पॅन्सीला अधिक मानवते, आणि भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी खापराचा एकच तुकडा पालथा ठेवणे पुरेसे आहे.

वाफ्यासाठी हीच तपासणी अशी करावी : वाफ्याच्या कडेला हातभर रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला इंचभरही उतरत नसेल, तर त्या जमिनीत पॅन्सी सपाट वाफ्यावर लावू नये.

मान गाडली आहे का

खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा मातीच्या पातळीलाच असली पाहिजे. ऊसपट्ट्यातल्या माणसाच्या हाताला बांधणीची सवय असते. रोप थोडे वाकले की तो चारी बाजूंनी माती ओढून भर लावतो. उसाला ते मानवते, कारण त्याच्या कांड्यांना मुळ्या फुटतात. पॅन्सीचे खोड मांसल आणि नाजूक असते. त्याला ओली माती लागून राहिली की तिथूनच कूज सुरू होते. बोटाने माती बाजूला करून गड्ड्याचा वरचा भाग दिसेपर्यंत मोकळी जागा करावी. पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर तेही खोडापासून दोन इंच मागे सारावे, आणि पाणी झारीने पानांवर न शिंपता सकाळी बुंध्याबाहेरच्या मातीत द्यावे.

खत

मान टाकलेल्या रोपाला खत कधीही देऊ नये. दुखऱ्या मुळाभोवती क्षार वाढले की ते पाणी आणखी कमी ओढते. निरोगी रोपालाही युरिया टाळलेला बरा, कारण थंड मातीत अमोनियाच्या रूपातील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावते आणि साचलेला अमोनिया मुळांना बाधतो. शिवाय जास्त नत्राने पाने माजतात आणि फुले रुसतात. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले खत) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात दोन आठवड्यांतून एकदा, तेही ओल्या मातीत, पुरेसे होते. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ) किंवा शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर ते कुंडीत कुजत राहते, उष्णता धरते आणि मुळांच्या वाट्याची हवा खाते.

शेणखताच्या निमित्ताने हुमणीचे नाव घ्यावेच लागेल. ऊस उत्पादकांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची ही अळी खतातून वाफ्यात येते आणि मुळे कुरतडते. रोप एका दिवसात सुकून सहज उपटून येत असेल आणि मुळे कुजलेली नसून तुटलेली असतील, तर खुरप्याने वीतभर खोल माती उकरून अळ्या हाताने वेचाव्यात. वाफा लहान असेल तर एवढे पुरते.

एक रोप उपटून पाहणे

इथवर काही सापडले नाही, तर सर्वांत वाईट दिसणारे नव्हे, तर मध्यम आजारी असलेले एक रोप मातीसकट उचलावे. पूर्ण मेलेल्या रोपाच्या मुळांत आधी कोण शिरले आणि नंतर कोण, हे कळत नाही. मुळांचा गड्डा बादलीतल्या पाण्यात हळूहळू हलवून माती सुटू द्यावी. नळाच्या धारेखाली धरल्यास बारीक मुळे तुटून जातात आणि पाहण्यासारखे काही उरत नाही. मग ती मुळे पांढऱ्या ताटलीत पसरून उन्हात पाहावीत.

मुळे पांढरी किंवा दुधाळ, केसाळ आणि मातीचा वास असलेली असतील, तर ती निरोगी आहेत आणि पिवळेपणाचे कारण बहुधा चुना आहे. ते पुढे येईल. मुळे तपकिरी व लिबलिबीत असतील, नाल्यासारखा वास येत असेल आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्याएवढी तार उरत असेल, तर ती पिथियमसारख्या पाणथळ मातीत फोफावणाऱ्या बुरशीसदृश जीवाची मूळकूज आहे. मुळांवर तुटक काळे पट्टे दिसत असतील आणि बाकीचा भाग अजून पांढरा असेल, तर काळी मूळकूज असण्याचा संभव आहे. थायलाव्हिऑप्सिस नावाची ही बुरशी पॅन्सीची जुनी वैरीण असून विम्लधर्मी, म्हणजे चुन्याच्या मातीत ती अधिक जोर करते. पहिल्यावर चालणारे औषध दुसऱ्यावर चालत नाही, आणि दोन्हींची पाने वरून सारखीच दिसतात. म्हणूनच मूळ न पाहता दुकानदाराने दिलेली पुडी ओतणे हा जुगार आहे.

मुळे एक तृतीयांशापेक्षा कमी बिघडली असतील, तर रोप वाचवून पाहता येते. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापावा, फुले व कळ्या खुडाव्यात म्हणजे रोपावरचा भार कमी होतो, ताज्या, हलक्या मिश्रणात रोप लावावे आणि आठवडाभर तिरप्या उजेडात ठेवावे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी लावणीच्या वेळी मिश्रणात मिसळल्यास उपयोगी पडते. कुजलेले मूळ मात्र त्याने बरे होत नाही. निम्म्याहून अधिक मुळे गेली असतील, तर रोप मातीसकट कचऱ्यात टाकावे. खताच्या खड्ड्यात टाकू नये, नाहीतर ती बुरशी पुढच्या वर्षी खतातून परत येते. कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटे बुडवून, पुन्हा धुऊन वाळवावी.

पाने उलटून मावा किंवा कोळीही पाहून घ्यावेत. मावा पाण्याच्या फवाऱ्याने निघतो. या किडी या दोषाचे मूळ क्वचितच असतात.

पाणी आणि चुना

पॅन्सीला मातीचा सामू (पीएच) साधारण ५.५ ते ६.२ एवढा, म्हणजे किंचित आम्लधर्मी हवा असतो. कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडयुक्त मातीचा सामू ७.५ ते ८.५ पर्यंत असतो. या दोन आकड्यांतल्या अंतरामुळेच मातीत लोह असूनही ते रोपाला मिळत नाही आणि शिरा हिरव्या, पान पिवळे असे चित्र दिसते. शेंडा आखडण्यामागे बोरॉनची कमतरता असते आणि तीही चुना वाढला की बळावते. खालची जुनी पाने आधी सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पाने आधी पिवळी पडत असतील तर लोह. हा फरक पाहूनच पुढे जावे.

तपासणी स्वयंपाकघरातली आहे. चमचाभर वाळलेली माती बशीत घेऊन तीवर लिंबू पिळावे आणि कान जवळ न्यावा. बुडबुडे येऊन सोड्यासारखा बारीक फसफसण्याचा आवाज आला, तर मातीत मुक्त चुना आहे. अशा मातीत गंधक टाकून सामू उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. गंधकाचे आम्ल होण्यास महिने लागतात आणि झालेले आम्ल हा चुना खाऊन टाकतो. जिप्समचाही येथे उपयोग नाही. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीचे औषध आहे आणि तेथेही निचऱ्याशिवाय लागू पडत नाही.

माती बदलूनही दीड महिन्यात पिवळेपणा परत येत असेल, तर पाण्याकडे पाहावे. कुंडीच्या बाहेर आणि काठावर पांढरे कवच चढले असेल, तर बोअरच्या पाण्यातला चुना तुम्ही झारीने रोज घालत आहात. साताऱ्यात ज्या घरांना कास तलावाचे पाणी येते, त्यांच्या कुंड्यांवर हे कवच मला फारसे दिसत नाही; कारण ते जांभ्याच्या पठारावर पडलेल्या पावसाचे पाणी आहे. त्याच शहरात बोअरवर चालणाऱ्या सोसायटीतल्या कुंड्या दोन महिन्यांत चुना लावल्यासारख्या होतात. नळाचे पाणी मिळत असेल तर पॅन्सीसाठी तेवढे दोन-चार बादल्या राखून ठेवावे. ते शक्य नसेल तर दहा लिटर बोअरच्या पाण्यात अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व विरघळवावे, सामू मोजण्याच्या कागदी पट्टीने तपासावे आणि पट्टी सहा-साडेसहाच्या आसपास आली की थांबावे. प्रत्येक बोअरचे पाणी वेगळे असल्याने पट्टी न वापरता अंदाजाने सत्त्व वाढवत नेऊ नये. पिवळेपणा आधीच आलेला असेल तर लोहाचे चिलेट, म्हणजे रोपाला सहज घेता येईल असे बांधून ठेवलेले लोह, द्यावे लागते. चुनखडीच्या मातीत ईडीटीए प्रकारचे चिलेट लवकर निकामी होते, ईडीडीएचए प्रकारचे टिकते. ते महाग असते, पण दहा कुंड्यांना चिमूटभरच पुरते. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त म्हणून मातीत टाकला तर दोन-तीन दिवसांत तो गंजाचा डाग होऊन उरतो.

मिश्रण आणि उंच वाफा

सर्वांत श्रमाचे काम शेवटी, आणि खरे सांगायचे तर कायमचा उपाय हाच आहे. कुंडीसाठी मी दोन भाग महाबळेश्वर-पाचगणीकडची लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचे तूस असे मिश्रण वापरतो. कोकोपीटच्या स्वस्त विटांत क्षार असतात, म्हणून ती फुगल्यावर तीन वेळा गोड्या पाण्यात धुऊन पिळावी. बांधकामावरची क्रश सँड वापरू नये. तिच्यातली दगडाची भुकटी मातीला सिमेंटसारखी घट्ट करते. मिश्रण मुठीत आवळून सोडावे : गोळा होऊन बोटाच्या टोकाने फुटला तर ठीक, बोटाचा ठसा उमटून तसाच राहिला तर वाळू वाढवावी.

जुन्या काळ्या मातीत थोडी लाल माती मिसळून भागवण्याचा मोह सर्वांना होतो. मीही पहिल्या वर्षी सोसायटीच्या वाफ्यात तेच केले आणि साठपैकी अकरा रोपे जानेवारी पाहू शकली. काळ्या मातीची चिकण ओली झाली की फुगते आणि मधल्या सगळ्या पोकळ्या भरून टाकते, त्यामुळे चौथा हिस्सा लाल मातीने तिचा स्वभाव बदलत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही जुना वाफा न खणता त्याच्यावरच विटांची आडवी रांग लावून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा नवा वाफा भरला, कडेने वीतभर खोल चर काढून तो उताराकडे सोडला, आणि रोपे वीस सेंटिमीटर अंतरावर लावली. त्या वाफ्यात हा दोष नंतर फक्त नळ रात्रभर चालू राहिला त्या एका कोपऱ्यात दिसला.

मूळकूज होऊन गेलेला वाफा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यातली माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावे. आपल्याकडच्या उन्हाचा हा सर्वांत फायद्याचा उपयोग आहे. त्यानंतरही त्या जागी निदान दोन हंगाम पॅन्सी, पिटुनिया किंवा सदाफुली लावू नये, कारण काळी मूळकूज या तिघींनाही होते.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

नवे मिश्रण, मोकळे भोक आणि मऊ पाणी एवढे सगळे करूनही सलग दुसऱ्या हंगामात एक तृतीयांशाहून अधिक रोपे जात असतील, तर घरगुती प्रयोग थांबवावेत. मुळांवर काळे पट्टे दिसले आणि लावणी मोठी, म्हणजे हॉटेलचा बगिचा, शाळेचे आवार किंवा विक्रीची रोपवाटिका असेल, तर पहिल्याच हंगामात थांबावे. अशा वेळी बुरशी कोणती हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि ते काम वनस्पतिरोगतज्ज्ञाचे आहे. साताऱ्याच्या लोकांना बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र जवळ पडते. माती आणि पाणी तपासण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांत कृषी विभागाची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या क्षारपड पट्ट्यात घर असेल आणि वाळलेल्या अंगणावर पांढरी पापडी दिसत असेल, तर वाफ्याचा विचार माती-पाण्याचा अहवाल आल्यावरच करावा. तोवर कुंड्यांवर भागवावे.

गच्चीवर उंच वाफा बांधणाऱ्यांनी आणखी एका ठिकाणी थांबायचे आहे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरचा वाफा चौरस मीटरला सुमारे चारशे किलो भार टाकतो, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणतः चौरस मीटरला दीडशे किलो वापरभार धरून आखलेला असतो. स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय तिथे विटांची रांग लावू नये, आणि खालच्या खोलीच्या छताला ओल दिसू लागली असेल तर आहे तो वाफा त्याच दिवशी रिकामा करावा.

तज्ज्ञाकडे नेताना मेलेले रोप नेऊ नये. दुपारी मान टाकणारी पण सकाळी अजून हिरवी असणारी दोन रोपे मुळांभोवतीच्या मातीसकट उचलावीत, वर्तमानपत्राच्या दोन थरांत गुंडाळावीत आणि त्याच दिवशी पोहोचवावीत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ती घाम येऊन वाटेतच कुजतात आणि मग अहवालात पिशवीतली कूज उतरते. सोबत धुतलेल्या बाटलीत अर्धा लिटर पाणी न्यावे, आणि ते नळाचे, विहिरीचे की बोअरचे, रोपे कधी लावली, कोणते खत व औषध कधी घातले हे एका कागदावर लिहून द्यावे. घातलेले औषध संकोचाने लपवले तर त्यांना मुळांवर काय दिसते आहे याचा उलगडा होत नाही.